मागचा आवाज

मंद्रूप,
१८ जानेवारी २०२४

चि. अपेक्षाला आज्जीचा पोटभर आशीर्वाद.

तुजं पाकीट पोचलं. एवढं जाडजूड बघून पोस्टमन म्हनला, कोर्टाचा कागद हाय का काय. मी म्हनलं, न्हाय बाबा, माजी नात पुन्यात पीएचडी करती, जात्यावरच्या वव्यांवर तिनं लेख लिवलाय. त्यो माज्याकडं बघतच ऱ्हायला. आता रोज सायकल थांबवून नमस्कार घालतोय. फोनवर मला ऐकू येत न्हाय म्हनून तू पत्राची सवय लावलीस ते लई बरं केलंस. साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं गंजत हुती.

पाकीट फोडायच्या आधी मल्लव्वाला हाक मारली. वव्या तिच्या, तर पयल्यांदा तिनंच ऐकाव्या का न्हाय? चव्वेचाळीस वर्सं झाली, अक्कलकोटाच्या पलीकडनं लगीन होऊन आली तवा तिला मराठीचा शबुद येत नव्हता. माज्यासमोर जात्यावर बसून शिकली. गिरनी आली तरी आमी सनावाराला जातं सोडलं न्हाय. तर ती आली, दम लागतोय म्हनून भिंतीला टेकून बसली, नवं लुगडं नेसून आली हुती बघ. तिच्या सिद्धनाथनं वाचून दावलं. तुजं मराठी अवघड हाय, पर मदी मदी वव्या आल्या की दोगी बी माना डोलवत हुतो.

एकच झालं. सिद्धनाथ सारका ‘गायिका अ’ असं वाचत हुता. मल्लव्वानं इचारलं, ही कोन? त्यो म्हनला, आये, ही तूच. तिनं इचारलं, मग माजं नाव कुटं हाय? त्यानं समदी पानं उलटून बघितली. न्हाय. गावाचं बी न्हाय. मग ती उटली आनि हुलगं निवडायचं ऱ्हायल्यात म्हनून गेली. हुलगं तर आमी दोगींनी आदल्या दिशीच निवडलं हुतं.

कायतरी गफलत झाली असंल. माजी नात असं करायची न्हाय. काय ते कळव. तीळगूळ घातलाय, पोस्टात चुरा झाला तर चमच्यानं खा.

माया हाय तशीच ऱ्हाऊ दे, वाढली तर डब्यात झाकून ठेव.
तुजी आज्जी

•

पुणे,
२७ जानेवारी २०२४

ती. आज्जीच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. चूक माझी आहे. ती प्रत वाचून दाखवायची नव्हती. तू खूश होशील म्हणून पाठवली आणि वर एक ओळ लिहायची राहिली.

आमच्याकडे लेख छापायच्या आधी दोन जाणकारांकडे तपासायला जातो. त्याला पिअर रिव्ह्यू म्हणतात, म्हणजे बरोबरीच्यांनी तपासणं. लेख कोणाचा ते त्यांना कळू द्यायचं नसतं, आणि ते कोण हे आपल्याला कळत नाही. म्हणून मी माझं नाव काढलं. मल्लव्वा आज्जीचं आणि गावाचंही काढलं, कारण मागं एका छोट्या टिपणात मी तिचं नाव लिहिलं होतं, त्यावरून मला ओळखलं असतं. लेख पास झाला की सगळी नावं परत येतात. तिचं तर पहिल्याच पानावर येणार आहे.

अजून एक. आमचे सर म्हणत होते, मोठ्या नावाच्या संशोधनपत्रिकेला दे. पण तिथं लेख कुलपात असतो, पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. स्वतःचीच ओवी वाचायला मल्लव्वा आज्जीनं पैसे भरायचे? मी ओपन अॅक्सेसवाली पत्रिका निवडली, कोणीही फोनवर फुकट उघडू शकेल अशी. सर थोडे नाराज आहेत. तिचा मान कमी आहे म्हणतात.

पण हे नंतर. आधी मल्लव्वा आज्जीकडे जा आणि तिला सांग की नाव पुसलेलं नाही, झाकून ठेवलंय. नाहीतर मी सिद्धनाथकाकांना फोन करते.

तुझ्या मायेवरच चाललंय, ती आटू देऊ नकोस.
तुझी अपेक्षा

•

मंद्रूप,
५ फेब्रुवारी २०२४

चि. अपेक्षाला आज्जीचा आशीर्वाद, आनि गालावर एक चापट.

एवढंच हुतं व्हय. मी आट दीस जेवले न्हाय नीट. तुजं वाचलं आनि लगीच कळलं. जत्रंत मेंढ्यांचा नंबर काढत्यात तवा मालकाला लांब झाडाखाली उभं करत्यात, न्हायतर पंच पावना बगून नंबर देत्यात. तसंच हाय की हे.

आता माजं ऐक. मल्लव्वाला मी हे सांगनार न्हाय. तोंडानं सांगून काय मजा? छापून आलं की तिला बोलवीन, काय बी बोलनार न्हाय, पयलं पान उघडून तिच्या म्होरं धरीन. सिद्धनाथ वाचंल. मग तिचं तोंड बगण्यासारकं हुईल. तवर रुसू दे जरा. मी आजवर किती येळा रुसले, तिनं बी मला झुलवलंयच की. म्हशीला रेडी झाली तवा चार दीस रेडा झाला म्हनून सांगत हुती.

तू सिद्धनाथला फोन करायचा न्हाय. माजी शपथ हाय. पोरगं प्वाटात काय ठेवत न्हाय.

तुज्या सरांना म्हनावं, कुलपात ठेवायला ववी काय दागिना हाय का. आनि ते लग्नाचं काय? हितं एक स्थळ आलंय, पोरगा कुर्डुवाडीला रेल्वेत हाय. बरं, ऱ्हायलं.

पत्राची वाट बगती, हे लिवायला लागू ने असं कर.
आज्जी

•

पुणे,
१८ जून २०२४

ती. आज्जीला दोन्ही हात जोडून नमस्कार.

जाणकारांची उत्तरं आली. पहिल्यांनी चार ओळींत लेख पास केला. दुसऱ्यांनी चार पानं लिहिलीत. सुरुवातीला वाचून राग आला, मग लाज वाटली.

त्यांनी लेखासोबतचं रेकॉर्डिंग नीट ऐकलंय. विचारलंय, की प्रत्येक ओवीची दुसरी ओळ उचलणारा एक मागचा आवाज आहे, त्याबद्दल लेखात अक्षरही का नाही? ही बाई कोण? तिच्याशिवाय एकही ओवी पुरी होत नाही. आज्जी, ती तू. मी तुझ्या पुढ्यात बसले होते, माईक मात्र मल्लव्वा आज्जीकडे धरला होता. तू तर घरचीच, म्हणून मला तू ऐकूच आली नाहीस.

दुसरं विचारलंय ते शेवटच्या ओवीचं. दळण सरताना म्हणायची ओवी रेकॉर्डिंगमध्ये नाही. बरोबर आहे, बस चुकेल म्हणून मी तेव्हा यंत्र बंद केलं होतं. मल्लव्वा आज्जीकडून ती म्हणून घेशील? तुझ्या लाडक्या नातवाच्या, इंद्रजीतच्या फोनवर रेकॉर्ड कर. ऑगस्टअखेर मला सुधारलेला लेख द्यायचा आहे.

आणि तिला सांगितलंस का? तुझ्या शपथेमुळे गप्प आहे, पण मला बरं वाटत नाही. पाच महिने झाले गं.

रागावलीस तरी चालेल, दूर करू नकोस.
अपेक्षा

•

मंद्रूप,
७ जुलै २०२४

चि. अपेक्षास आशीर्वाद, वर पावसाचे चार थेंब.

तुजा दुसरा जानकार बाईच असनार, मी पैजंनं सांगती. जात्यापाशी बसलेल्या बाईशिवाय हे कुनाला सुचायचं न्हाय. मला मागची म्हनून ओळखलं बग तिनं. मी समद्या गल्लीला सांगितलं. माजं नाव कशाला घालतीस म्हननार हुते, पर घाल.

तिला हे बी कळव. पुढची बसती ती ववी काढती, मागची उचलती. दळन सरलं की पुढची शेवटची ववी म्हनती आनि तिच्यात मागचीचं नाव घालती. आपलं नाव आपल्या तोंडानं घ्यायचं नसतं. दुसऱ्या दिशी पाळी बदलती. म्हंजी मल्लव्वाच्या ववीत मी, आनि माज्या ववीत ती. बरोबरीची म्हनलीस ना तू, तशीच.

मी इंद्रजीतला घेऊन तिच्याकडं गेले. जोंधळं बी नेलं. ती म्हनली, गोत्तिल्ल. म्हंजी ठाऊक न्हाय. माज्याशी ती चाळीस वर्सांत कानडी बोलली न्हाय, कानडी ती परक्याशी बोलती. मी म्हनलं, आगं शेवटची म्हन की, नेहमीची तर हाय. तिनं तोंड फिरवलं. धाप बी लागत हुती.

तवा मला सांगावं वाटलं हुतं, अगदी व्हटावर आलं हुतं. मग म्हनलं, आता दोन-तीन म्हयन्याचाच सवाल हाय. एवढं दीस काडलं.

लौकर छापायला सांग त्यास्नी.
आज्जी

•

मंद्रूप,
२५ ऑगस्ट २०२४

चि. अपेक्षास आशीर्वाद.

इंद्रजीतनं फोनवर तुला सांगितलंच. मल्लव्वा सोमवारी गेली. सकाळी च्या पिऊन बसली हुती, कप हातात तसाच. सिद्धनाथ गाडी काडूस्तवर काय ऱ्हायलं न्हाय.

मी तिला न्हाऊ घातलं. हात बगितलं. उजव्या हाताला जात्याच्या खुट्याचा घट्टा तसाच हुता, माज्या बी हाताला हाय.

काल सिद्धनाथ आला हुता. त्याला मी तुजं जानेवारीचं पत्र वाचाया दिलं. त्यानं वाचून घडी घालून माज्या हातात परत दिलं. मग म्हनला, मावशे, आय मला सारकी इचारायची. केराबाईच्या नातीनं माजं नाव का काडलं असंल? माज्याकडनं काय चुकलं? पोरगी आली तवा मी तिला ताक दिलं, भाकरी दिली, काय उनं पडलं? असं इचारायची. मी तिला रुसलीय समजत हुते. ती रुसली नव्हती अपेक्षा. आपलं काय चुकलं ते हुडकत हुती. सात म्हयने.

तिच्या दारापासनं माजं दार चौदा पावलं हाय. मी मोजलं. पत्र माज्या उशाखाली हुतं.

तुला मी शपथ घातली, म्हनून तू सोताला बोल लावू नको. हे माजं हाय.

तिची शेवटची ववी मी देनार न्हाय. तिनं ठाऊक न्हाय म्हनलं, तर न्हाय. माजी देती. माज्या पाळीला मी म्हनायची ती. इंद्रजीतच्या फोनात म्हनायला गेले, आवाज फुटंना, म्हनून लिवती.

मूठभर जोंधळा उरला जात्याच्या तोंडाशी
जोडीन माजी मल्लव्वा, हात तिचा माज्या हातापाशी

हिच्यात तिचं नाव हाय. हे कुनी झाकू ने म्हनावं. तपासायला गेलं तरी झाकू ने.

तुजी आज्जी

•

पुणे,
२८ डिसेंबर २०२४

ती. आज्जीला नमस्कार.

लेख काल प्रसिद्ध झाला. सोबत छापील प्रत पाठवते आहे, आणि इंद्रजीतच्या फोनवर दुवा धाडलाय. दाबला की उघडतो, कोणाला काही विचारत नाही. पहिल्या पानावर लेखाच्या नावाखाली, माझ्या नावाच्याही आधी लिहिलंय: मल्लव्वा, मंद्रूप, पुढचा आवाज. केराबाई, मंद्रूप, मागचा आवाज. संपादक म्हणाले, गायिकांची नावं अशी वर छापायची रीत नाही. मी म्हटलं, मग लेख परत द्या. त्यांनी छापली.

तुझी ओवी शेवटी आहे, आणि तिच्या ओवीची जागा कोरी ठेवली आहे. मल्लव्वा आज्जीचं नाव दुसऱ्या तपासणीलाही मी झाकलं नाही. नियम मोडला, पण कोणी काही बोललं नाही.

त्या दुसऱ्या जाणकारांनी यावेळी एकच ओळ लिहिली: मागच्या आवाजाला माझा नमस्कार कळवावा. त्या कोण हे मला कधीच कळणार नाही. नमस्कार मात्र तुझा आहे, म्हणून कळवते.

शपथ मी मोडायला हवी होती. हे तुला लिहिल्यावाचून राहवत नाही.

जवळ असतीस तर मांडीवर डोकं ठेवलं असतं.
अपेक्षा

•

मंद्रूप,
१५ जानेवारी २०२५

चि. अपेक्षाला आज्जीचा आशीर्वाद, सोबत तीळगूळ. यंदा पाकिटात पुठ्ठा घातलाय, चुरा हुनार न्हाय.

लेख पोचला. सिद्धनाथच्या घरी गेलो, मी आनि इंद्रजीत. मी म्हनले हुते तसंच केलं. काय बी बोलले न्हाय, पयलं पान उघडलं आनि तिच्या फोटोम्होरं धरलं. सिद्धनाथनं वाचलं. मल्लव्वा, मंद्रूप. दोनदा वाचलं. त्याची बायकू बी ऐकाया आली, शेजारची आली, कुनी कुनी आपल्या फोनात उघडून बगितलं. तुजं खरंय, कुनाला अडवत न्हाय. समद्यांनी बगितलं.

भोगीला जातं मांडलं. मी मागंच बसले, माजी जागा ती. पुढं कुनी नव्हतं. सिद्धनाथची बायकू म्हनली, मावशी, मी बसू का, पर मला वव्या येत न्हाईत. मी म्हनलं बस. खुटा धरून बसली. मग पुढची ओळ बी मीच काडली आनि मागची बी मीच उचलली. तिला म्हनलं, उद्यापास्नं शिकाया ये, पुढची ओळ तू काडायची. मल्लव्वाला तरी कुटं येत हुतं पयल्या दिशी.

त्या बाईंचा नमस्कार मिळाला. त्यास्नी कळवाया रस्ता असंल तर कळव, नसंल तर ऱ्हाऊ दे. तेवढा नमस्कार मला एकटीला ठेवून घेता येईना. अर्धा मी चौदा पावलं चालून तिच्या उंबऱ्यावर ठेवून आले.

सवडीनं ये. आल्यावर यंत्र दोगींच्या मदी ठेव.
तुजी आज्जी केराबाई