फ्रिज फक्त मलाच चावतो

४ एप्रिल २०१८
आज पुन्हा! दूध काढायला फ्रिजचं दार धरलं आणि झटका — बोटांपासून पार कोपरापर्यंत. पातेलं सांडता सांडता राहिलं. आत्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) पीठ मळत होत्या, वर बघितलंसुद्धा नाही. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बघतो रविवारी."

८ एप्रिल, रविवार
तपासणी झाली. हे वाळूजला कंपनीत कामाला. "बूट घातल्याबिगर विजेला हात नाय लावायचा, नियम हाय." जाड रबरी तळव्यांचे सेफ्टी शूज चढवले आणि थेट स्वयंपाकघरात! आत्या ओरडल्या, "आरं बन्सी, देव हायेत तिथं!" पण साहेब ड्युटीवर. दोन्ही हात फ्रिजवर ठेवून ऐटीत उभे. "कुठंय करंट? काय बी नाय."

मग सासऱ्यांना, म्हणजे मामांना, बोलावलं. मामांचा जन्म मेंढरांमागं अनवाणी गेला. तळव्यात घुसायला जाऊन बाभळीचा काटा मोडतो, हे तेच अभिमानानं सांगतात. फ्रिजवर म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा हात फिरवला. "लई गार लागतंय बा. करंट नाय."

झालं! दोन पुरुषांची साक्ष. आता दोष राहिला माझ्यात.

११ एप्रिल
बसला. कुणाला सांगितलं नाही.

१३ एप्रिल
आज किंचाळले, म्हणून कळलं सगळ्यांना. संध्याकाळी दवाखाना. डॉक्टरांशी हेच बोलले, मला तोंड उघडू दिलं नाही. "हिला भास होतेत." व्हिटॅमिनच्या गोळ्या, वर झोपेची एक. करंट फ्रिजमधे, औषध मला! येताना म्हणाले, "गुण नाय आला तर महिनाभर माहेरी जाऊन ये." माहेरी काय सांगू — फ्रिज चावतो म्हणून धाडलं?

खरं लिहिते, घाबरले आहे. सगळे म्हणतात तेच उद्या मलाही पटलं तर?

१६ एप्रिल
घरात कुणी नव्हतं. पाटावर उभी राहिले, फ्रिज धरला — काही नाही. पाट सारला, ओल्या फरशीवर पाय ठेवले — बसला! पुन्हा पाट. नाही. पुन्हा फरशी. बसला!! झटका खाऊन एवढा आनंद कुणाला झाला नसेल. मी ठीक आहे!

रात्री ह्यांना म्हटलं, बूट काढा आणि ओल्या पायांनी हात लावून बघा. "मला मारती का काय?" म्हणाले. म्हणजे करंट नाही, पण मरायची भीती आहे.

२२ एप्रिल, रविवार
ऊन मी म्हणतंय. हे आंघोळ करून तसेच ओले, टॉवेलवर, गार पाण्याची बाटली घ्यायला गेले. "अयायायाय!!" मामा चहाची बशी टाकून धावले. "आरं करंट हाय ह्याच्यात! माणूस मरंल!" लागला शोध! पंधरा दिवस मी काय सांगत होते?

अर्ध्या तासात वायरमन हजर. आतल्या वायरीचं रबर चिरलेलं, तिथून करंट पत्र्यात उतरायचा. आणि आमच्या बोर्डाला अर्थिंगच नाही. दोन्ही कामं करून गेला. संध्याकाळी हे अख्ख्या बजाजनगरला सांगत होते, "बरं झालं, मला येळेवर कळलं." गोळ्यांचा विषय कुणीच काढला नाही.

२४ एप्रिल
दुपारी लसूण सोलता सोलता आत्या म्हणाल्या, "मला बी बसायचा गं. तू नांदाया यायच्या आधीपसनं."

मी म्हटलं, मग मला दवाखान्यात नेलं तेव्हा का नाही बोललात?

"बोलले असते तर दोघींला बी येडं ठरवलं असतं. म्हणलं, एक तरी शहाणी राहू दे घरात."

आधी संताप आला. मग विचारलं, आत्या, अजून काय काय बोलला नाहीत?

त्या उठल्या, दाराला कडी लावून परत आल्या.