बटणावरची पट्टी

गंजाड,
फेब्रुवारी २०१८

प्रिय निर्मला,

अक्षर बघून हसू नकोस. डाव्या हाताचं आहे. फोनच केला असता, पण फोनवर मला रडू येतं, मग तूही सुरू होतेस आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून आपल्याला कामावर नेणाऱ्या चिमणच्या जीपमधून हे पाठवतेय. वाटेत उघडून वाचलं तर वाचू दे मेल्याला, एक तरी माणूस माझं शेवटपर्यंत ऐकून घेईल.

मी अजून आईकडेच आहे. उधव्याला सासरी पाणी भरायला, भाकऱ्या थापायला दोन हात लागतात. इथे आई मला कशाला हातच लावू देत नाही. परवा तर भात भरवायला बसली, अगं, दोन पोरांच्या आईला! मी चिडून ताट सरकवलं. मग दोघीही उपाशीच झोपलो. उजव्याचा अंगठा आणि करंगळी तेवढी उरलीय, मधली तिन्ही गेली. नसलेल्या बोटांना खाज सुटते, आणि खाजवू कुठे? पण सगळ्यात जास्त जीव जळतो तो वेणीसाठी. कामावर जाताना जीपमध्ये तू माझी वेणी घालायचीस आणि ओढायचीस किती, राक्षशीण! आता आई घालते, तर दुपारपर्यंत सुटते.

आपला पहिला दिवस आठवतो? सुपरवायझर जतीनभाईंनी पत्रा कापायची प्रेस दाखवली होती. दोन हिरवी बटणं, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत सापडायची भीती नाही. मुंबईहून तपासायला आलेले लोक गेले, आणि त्याच जतीनभाईंनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एक बटण दाबलेलंच राहील असं बांधलं. एका हाताने बटण, दुसऱ्याने पत्रा, डब्यांची झाकणं कशी भराभर पडायची. सुपरवायझरच सांगतोय म्हटल्यावर आपण कोण विचारणार? पुढे पुढे तर रोज सकाळी आपणच पट्टी बांधायला लागलो.

हॉस्पिटलातून सोडल्यावर मला केबिनमध्ये बोलावलं, ते तुला नीट सांगितलंच नाही कधी. मुंबईचे साहेब खुर्चीत, जतीनभाई कोपऱ्यात, दार लावलेलं. साहेब काही ओरडले-बिरडले नाहीत गं. अगदी मायेने विचारलं, पट्टी कुणी बांधली, बाई? आणि मला आमच्या पाड्यावरचे पंच आठवले. आमच्यात पंच बसले की जो आपल्या तोंडाने आधी कबूल करतो, त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतात. तो पाणी प्यायला की भांडण मिटलं, पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. दुसऱ्याचं नाव पुढे करणाऱ्यालाच सगळे हसतात. शिवाय जतीनभाईंनीच मला उचलून गाडीत घातलं होतं, त्यांचा शर्ट माझ्या रक्ताने भरला होता. त्यांचं नाव कसं घेऊ? मी म्हटलं, मीच बांधली, साहेब. आणि साहेबांनी खरंच माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला, गं. मी प्यायले. वाटलं, मिटलं सगळं.

मग टाईप केलेल्या कागदावर अंगठा घेतला. मला सही येते म्हणणार होते, पण करू कोणत्या हाताने?

आता कंपनी म्हणते, बाईने स्वतःच मशीनशी खेळ केला, भरपाई कसली मागता. तलासरीला युनियनवाल्यांकडे गेले तेव्हा कळलं की चौकशीला आपलं माणूस शेजारी बसू द्या म्हणता येतं. कागद वाचून दाखवा म्हणता येतं. पट्टी सुपरवायझरने बांधायला लावली हे कुणी सांगितलं तर भरपाई सहजी अडवता येत नाही. एवढं सगळं होतं आणि मला त्यातलं एकही ठाऊक नव्हतं! घरी येऊन मी आईवरच ओरडले. दुसऱ्या कुणावर ओरडणार?

साक्षीला तुझं नाव मीच दिलंय. सोमवारी तुला केबिनमध्ये बोलावतील. तुझं घर तुझ्या एकटीच्या पगारावर चालतं, हे मला माहीत आहे. तेव्हा आठवत नाही म्हणालीस तरी चालेल. मी रागावणार नाही. खोटं कशाला बोलू, रागावेन, पण चार दिवस. फक्त ते पाणी देतील ते पिऊ नकोस, आणि वाचून दाखवल्याशिवाय कशावर सही करू नकोस.

पण पत्र त्यासाठी नाही लिहिलं, बाय. काल चिमण सांगत होता, माझ्या प्रेसवर आता तुला बसवलंय, आणि पट्टी तशीच आहे. ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. माझं काय व्हायचं ते होईल, ते आता ना तुझ्या हातात ना माझ्या. पण उद्या मशीन चालू करायच्या आधी ती पट्टी सोड. झाकणं कमी पडली तर ओरडू देत. दोन्ही हातांनी दाब, निर्मला. आणि मग एकदा गंजाडला ये. माझी वेणी घालायची राहिलीय.

वाट बघणारी तुझीच,
शुक्री