मालूआक्कांचं मत

रविवार, लालबाग

चहाच्या वेळी बाबा पुन्हा पेटले. नव्या प्रभागरचनेत हद्द आमच्या बोळातून गेलीय, समोरची चाळ दुसऱ्या प्रभागात. "रेघ मारणाराच निकाल लावतो. त्यापेक्षा लोकांनाच थेट विचारा. आपण चाळीत हात वर करून ठरवतो तसं."

आई शांतपणे म्हणाली, "पाण्याच्या पंपाची वेळ ठरवलीत, तेव्हा मालूआक्कांचा हात कुठे होता? गुडघ्यांमुळे त्यांना तिसऱ्या मजल्यावरून उतरवत नाही. सभा तुम्ही अंगणात घेतलीत. ती रेघ कोणी मारली?"

बाबा कप तसाच ठेवून वर गेले. मी रोज आक्कांच्या दारावरून गच्चीवर जाते. मी तरी कधी विचारलं?

तासाभराने बाबा आले. हातात वाटी, वाटीत नारळाच्या वड्या.

"काय म्हणाल्या? पंप सकाळी की संध्याकाळी?" आईने विचारलं.

"दारातच म्हणाल्या, आधी बस रे, मगे काय ता सांग. निघताना विचारलं, तर म्हणे विचार करून उद्या सांगतंय."

वाटी रिकामी कशी परत द्यायची, म्हणून आई उद्या खीर करणार आहे. आणि खाली चाळीच्या फळ्यावर बाबांचं अक्षर: पंपाचा निर्णय थांबवला आहे. एक मत यायचं आहे.