पासपोर्टवरचं पूर्ण नाव

बाई, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे मी दुबईत जे केलं ते तुमच्या कानावर जायचं काही कारण नाही. तरी गावी आले की मी तुमच्या घरावरून जायचं टाळते. लांबच्या बोळाने वळसा घालते आणि सोबतच्यांना सांगते, इकडून सावली आहे.

आणीबाणीत मी पाचवीत होते, वर्गाची मॉनिटर. एकीचे वडील तुरुंगात होते आणि मुली तिला चिडवत होत्या. तुम्ही खडू खाली ठेवून म्हणालात, "तिचे वडील चोर नाहीत. बोलले म्हणून आत आहेत." चौथ्या दिवशी चौकशीला दोन सरकारी साहेब येतात, तुम्हाला बाहेर उभं करतात आणि मला विचारतात, बाई वर्गात काय म्हणाल्या? मी सांगते, बाईंनी शुद्धलेखन घातलं. संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत, तव्यावरचं थालीपीठ ताटात टाकलंत, वर लोण्याचा गोळा. "खोटं बोललीस. शिक्षा म्हणून दोन संपवायची." मग तिसरंही वाढलंत. ही गोष्ट मी पुढे ज्याला त्याला ऐटीत सांगत आले, माझ्या मुलांनाही.

दोन हजार आठच्या मंदीनंतर जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या छोट्या कंपनीत निम्मी टेबलं रिकामी झाली होती. आम्ही सरकारांची, बँकांची गुळगुळीत कागदावरची अहवालपुस्तकं करायचो आणि मी तिथे संपादक होते. नवऱ्याची नोकरी गेली, आम्ही भाडं परवडेना म्हणून अजमानला राहायला गेलो, आणि नवरा, दोन्ही मुलं माझ्या व्हिसावर आली, म्हणजे माझी नोकरी गेली की सगळ्यांनाच देश सोडायचा. अशात एक मोठं काम मिळालं. एका देशाला शेजारच्या देशांच्या युनियनमध्ये प्रवेश हवा होता आणि आमच्याकडे सगळं कसं छान आहे, हे सांगणारं पुस्तक त्याच्या सरकारला करून हवं होतं. आमची भाषांतरकार त्याच देशाची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, शेजारच्या टेबलावर बसायची, माझ्या डब्यातली भेंडी हक्काने खायची. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या पानावर तिने स्वतःहून एक वाक्य घातलं, की काही लेखक आणि शिक्षक अजून तुरुंगात आहेत, युनियनमध्ये येण्याआधी ते सुटतील अशी आशा आहे. मला म्हणाली, "एडिटर तू आहेस. चूक वाटलं तर काढ." मी वाचलं. मला तुम्ही आठवलात. वाक्य ठेवलं आणि पानाखाली मंजुरीची सही केली.

पुस्तक पोचलं आणि तिचं सरकार भडकलं. आमच्या कंपनीच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, ये लाइन किसने डाली? सच बताइए, नहीं तो कंपनी खलास."

"सर, ट्रान्सलेटरने. मैंने देखा ही नहीं था."

सहीचं पान मी तासाभरापूर्वीच श्रेडरमध्ये घातलं होतं.

"तो फिर उनकी सरकार को अपॉलॉजी का मेल आप ही लिखिए. यल्ला, जल्दी."

मी लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. त्यात तिचं नाव घातलं. ते कोणी मागितलं नव्हतं, 'संबंधित कर्मचारी' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण इथे विजेच्या जोडणीपासून शाळेच्या फॉर्मपर्यंत सगळीकडे पासपोर्टवरचं पूर्ण नाव लिहायचं, बोटांना तीच सवय, म्हणून तिच्या वडिलांच्या नि आजोबांच्या नावासकट टाइप केलं. सवय, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर नाव जितकं पूर्ण तितकी माझी सुटका पक्की, हे मला टाइप करतानाच कळत होतं.

तिला काढलं. व्हिसा रद्द झाला, देश सोडायला महिनाभराची मुदत. शेवटच्या दिवशी तिने माझ्यासाठी अक्रोडाच्या वड्या करून आणल्या. म्हणाली, "तू माझ्यासाठी भांडलीस, मला माहीत आहे." मी नाही म्हणाले नाही. डबा घेतला. घरी धाकटी वडी खात विचारते, "मॉम, हू मेड दीज?" मी म्हणते, "ऑफिसमधल्या मैत्रिणीने." मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी मी एक वडी खाल्ली.

वर्षभराने तिच्या भावाची मेल आली. तिला मायदेशी उतरताच विमानतळावरच धरलं होतं, खटला त्या एका वाक्यावर उभा होता. वकिलाला फक्त दोन ओळी हव्या होत्या, की ते ऑफिसचं काम होतं आणि वाक्य संपादकाने मंजूर केलं होतं. नवरा म्हणाला, "आपण सगळे तुझ्या व्हिसावर आहोत. नीट विचार कर." मी नुसता विचारच करत बसले.

पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही, म्हणजे मी कधी शोधलंच नाही. त्या देशाचा अर्ज अजून लोंबकळतोय, एवढं बातम्यांत बघते. आता नवऱ्याला नोकरी आहे, मुलं मोठी झाली, कोणीही माझ्या व्हिसावर नाही. तरी त्या दोन ओळी मला लिहवत नाहीत, आणि तुम्हाला मात्र एवढं लांबलचक लिहून झालं. बाई, त्या भावाचा पत्ता माझ्याकडे अजून आहे. तुमचा नाही, म्हणूनच लिहायला बसले.