लिटरला सोळा

३ मार्च, मंगळवार

लिटरला अकरा! मुलाने फोनवरच हिशेब केला आणि तोंडावर फेकला. "बाबा, ही गाडी पेट्रोल पीत नाही, ढोसते. विकून टाका आता. टॅक्सीने फिरा." मी म्हणालो, सोळावर आणून दाखवतो. तर हसला! म्हणाला, "बावीसला येतोय. सोळा आणलं असेल तर गाडी राहील, पुन्हा विषय काढणार नाही. नसेल तर गिऱ्हाईक माझ्याबरोबरच असेल."

ठरलं तर मग. जन्म गेला पंपहाऊसमध्ये. कुठला पंप फुकट वीज खातोय ते दारातून आवाज ऐकून सांगायचो. आणि ही चार चाकांची डबी मला दाद देणार नाही?

टॅक्सी म्हणे! परक्याच्या गाडीत मागच्या सीटवर गाठोड्यासारखं बसायचं. रागाने ताटावरून उठलो. बायको थोड्या वेळाने ताट इकडेच घेऊन आली.

५ मार्च, गुरुवार

सकाळी गॅरेज. मेकॅनिकने एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला — मूठभर धूळ! म्हणाला, "काका, नाक दाबून पळायला लावलंय तुम्ही हिला." चारही टायरांत हवा कमी. पण खरा चोर निराळाच निघाला. गाडी जॅकवर घेतली तर मागचं डावं चाक हाताने फिरेना. ब्रेक धरून बसलेला! म्हणजे इतके दिवस आम्ही ब्रेक दाबूनच फिरत होतो. मला संशय होताच. (नव्हता. पण पुढच्या वेळी असेल.)

जाता जाता वायपरची रबरंही बदलून घेतली. हल्ली काच फार धूसर दिसते. मेकॅनिक म्हणतो, "काच तर स्वच्छ आहे, काका." त्याला काय कळतंय! चालवतो मी.

६ मार्च, शुक्रवार

आज पेपर चष्म्याशिवाय वाचला, बारीक जाहिरातींसकट! वय उलटं चाललंय की काय?

८ मार्च, रविवार

डिकी रिकामी केली. घडीच्या दोन खुर्च्या, वाळूची अर्धी गोणी (कशासाठी घेतली होती कोण जाणे), हिच्या जुन्या चपला, माझा अवजारांचा लोखंडी डबा. जेवढं वजन कमी तेवढं पेट्रोल कमी, साधी गोष्ट आहे. मग म्हटलं, अर्धवट काम कशाला? स्टेपनीही काढली आणि जिन्याखाली ठेवली.

"अहो, ती तरी राहू द्या," ही म्हणाली. नवे टायर आहेत, म्हटलं.

९ मार्च, सोमवार

पंक्चर. गावाबाहेरच्या रस्त्यावर, भर दुपारी. स्टेपनी जिन्याखाली सुखरूप.

टेम्पोवाला येईपर्यंत आम्ही दोघं दगडावर बसून होतो. ही पदर तोंडाला लावून हसत होती. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," एवढंच म्हणाली. मलाही हसू आलं, पण दाखवलं नाही.

११ मार्च, बुधवार

स्टेपनी परत डिकीत. आता मोर्चा यंत्राकडून चालवणाऱ्याकडे!

तत्त्व एकच: ब्रेक मारला की कमावलेला वेग मातीत गेला. तो परत मिळवायला पुन्हा पेट्रोल. तेव्हा लांबूनच अंदाज घ्यायचा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, गाडी आपोआप मंदावू द्यायची. गिअर लवकर बदलायचा. थांबून राहायचं असेल तर इंजिन बंद.

आणि यासाठी मी एक सहायक तयार केला आहे. हिला गाडीत बसलं की समोर दिसेल ते बोलून दाखवायची खोड लागलीय. पूर्वी वैतागायचो. आज म्हटलं, चल, तुझ्या बडबडीला कामाला लावू. आता पद्धतशीर चाललंय — "लाल आहे हो, पाय काढा." "सायकलवाला वळतोय." "हिरवा झाला, चला." तिने सांगायचं, मी पाय हलवायचा. बाजारापासून घरापर्यंत ब्रेक जवळजवळ लागलाच नाही! एकाच दिवसात माझ्या तालमीत तयार झाली बाई.

१४ मार्च, शनिवार

टाकी काठोकाठ भरून पाहिलं. पंधरा! शेजारच्या निवृत्त मास्तरांना जिन्यातच गाठून सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

१७ मार्च, मंगळवार

ही बहिणीकडे गेली. एकटाच निघालो, रंगाच्या दुकानापर्यंत. सगळा विचका! कचाकच ब्रेक. एक मोटरसायकल एकदम समोर उगवली. एका चौकात मागचे सगळे हॉर्न वाजवत सुटले — सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता म्हणे. एकजण खिडकीजवळ येऊन ओरडला, "आजोबा, झोप लागली का?" लोकांना दम म्हणून नाही. आंधळ्यासारखे चालवतात सगळे, आणि वर मलाच शहाणपण शिकवतात!

ही आल्यावर सांगितलं. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यापुढे मला सोडून जाऊ नका. तुमचं ॲव्हरेज बिघडतं." बघा, तिलाही आता गोडी लागली!

२० मार्च, शुक्रवार

सोळा पूर्णांक दोन!!!

पंपावरच्या पोऱ्याकडून पुन्हा भरून घेतलं, पुन्हा गणित केलं. तेच! दोघांनी घरी येऊन साखर घातलेली कॉफी प्यायली. डॉक्टरांनी नको म्हटलेली साखर, पण आज नाही म्हणायची कुणाची छाती होती?

आता ये म्हणावं. आण गिऱ्हाईक.

२२ मार्च, रविवार

मुलगा आला. हिशेब पाहिला, स्वतः करून पाहिला, हात जोडले. "मानलं, बाबा. गाडी राहिली." मी म्हटलं, नुसतं मानू नकोस, बसून बघ. तो पुढे बसला, ही मागे.

शाळेजवळचा चौक. मागून ही काहीतरी म्हणाली, पण मुलाचं बोलणं चालू होतं. मला सिग्नल दिसला नाही. बाबागाडी ढकलत एक बाई रस्ता ओलांडत होती, तीही दिसली नाही. मुलाने हँडब्रेक खेचला. गाडी थांबली तेव्हा बाईत आणि बंपरमध्ये हातभर अंतर होतं. बाबागाडीत बाळ होतं.

ऊन डोळ्यांवर होतं. काचही धूसर. शिवाय ती बाईच — नाही. खोटं कशाला लिहू?

घरी येताना मुलाने चालवली. मी मागे बसलो. माझ्यावर रागावेल म्हणून वाट पाहत होतो. रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "बाबा, मंगळवारी डोळे तपासून घेऊ."

२४ मार्च, मंगळवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशनने बरं होईल, पण गेलं वर्षभर तरी लांबचं धड दिसत नसणार; चष्म्याशिवाय पेपर वाचता येणं हेही मोतीबिंदूचंच लक्षण. मुलगा मटकन खुर्चीत बसला. ही तशीच उभी, चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नाही.

"तुला माहीत होतं?"

"मग इतके दिवस गाडी कोण चालवत होतं?" म्हणाली, आणि रडायला लागली.