पेद्रूला न्यायला आले होते

मालवण,
१९ नोव्हेंबर २०२५

लाडक्या क्लाइव्ह,

जेवतोस ना वेळेवर? देव तुझं बरं करो. मी खुशाल. काल सकाळी पहिली कोण आली असेल सांग? शेजारची सुशीला! काखेत तिची राणी मांजर, मागून तिचा नवरा परशुराम, हातात रिकामी गोणी. मी म्हटलं, "काय गो, भात भरूक इलंस?"

भात कसलं! गोणी आपल्या पेद्रूसाठी होती.

पेद्रू बरा आहे हं. तू दोहाला जाताना तुझा कुत्रा माझ्यावर सोपवलास, तर मी सांभाळणार नाही होय? थोडे केस गेलेत. म्हणजे पाठीवरचे सगळे. व्हिडिओवर मी तुला त्याचं नाकच दाखवायचे ना, ते त्यासाठीच. फोनवर हे बोलवत नाही, म्हणून सुट्टीवर आलेल्या आग्नेलच्या हाती पत्र देते. उद्या तो परत निघतो तिकडे.

तर सुशीला म्हणते, "तेरेझा, तुझ्या ह्या लूतभरल्या कुत्र्यान माझ्या घोवाच्या पोटार नायटो हाडलो. आज त्येका नांदगाव स्टेशनार सोडतलव."

मी दारात आडवी उभी. "आधी माका भर गोणीत!"

ह्याच परशुरामाने मागे होडीच्या इंजिनाचं जळकं तेल आणून दिलेलं, 'फास, लूत जाता' म्हणून. इकडे सगळे तेच फासतात, मीही फासलं. पेद्रूने चाटलं नि ओकून ओकून आडवा झाला. तेव्हा कट्टा गावाहून गुरांची डॉक्टरीण बोलावली, तन्वी, एवढीशी पोर. तिने कातडी खरवडून दुर्बिणीत बघितली, तर बारीक किडे! गोळ्या दिल्या. काल आमचं भांडण रंगात आलेलं, तेवढ्यात तीच आली पेद्रूला तपासायला. शुद्ध बोलते हो ती.

"आजी, पेद्रूचे हे किडे माणसांना लागत नाहीत. ते मांजर बघू जरा."

खिडक्या लावून तिने निळा दिवा पेटवला. अरे बाबा! राणीचे कान, शेपटी, सगळं हिरवं चमकलं. "ही बुरशी. नायटा हिच्याकडूनच आला असणार."

मी हसून हसून खालीच बसले. "परशुरामा, राणी निजता खंय?"

"पोटार," तो म्हणाला.

"मेल्या, गप रव!" सुशीला ओरडली. "हो सगळो बल्बाचो खेळ!"

परशुराम गोणी घेऊन राणीकडे बघायला लागला. मी म्हटलं, खबरदार, तिलाही औषध आहे. दुपारी बांगड्याची डोकी खाऊन ती माझ्याच मांडीवर झोपते रे. आता मांडीवर मलाही एक चकती आहे, दवाखान्यात जाईन. पण तुझ्या बाबाला सांगू नकोस. तो म्हणेल, कुत्रा सोड आणि वसईला ये. नाही येणार.

पेद्रूच्या पाठीवर नवे केस फुटलेत, भाताच्या कोवळ्या तरव्यासारखे. हात फिरवला की किती मऊ लागतात!

सुशीला जाता जाता म्हणाली, "जत्रेक पावणे येतले. त्येच्या आधी वाडीतली माणसां घेऊन येतंय, मगे बघूया."

"ये," म्हटलं, "आणि राणीक हाड. तिका औषधाची आंघोळ घालूची आसा."

शनिवारी सकाळी येणार आहेत. पेद्रू आणि मी दारातच असू.

तुझी, इथून न हलणारी,
तेरेझा आजी