कोंबडी पाठीवर चढली तेव्हाचा फोटो

कुडपण,
मंगळवार

चि. दीपक यास मालोजीमामाचा आशीर्वाद. (रागात दिला आहे, पण आशीर्वादच आहे.) तुझी आई बरी असेल. इकडे माझा गुडघा सोडून सगळे ठीक होते. तुझे पाकीट उघडले आणि डोकेही गेले.

आमच्या शुभमला त्याच्या मुंबईच्या खोलीत लावायला लेकीचा एक फोटो हवा होता. एक! त्यासाठी सूनबाईने अक्षदाला न्हाऊ घालून, काजळ-पावडर करून, गालावर तीट लावून नवा फ्रॉक घातला. मी भिंत रंगवली, खुर्ची मांडली, शेजारी स्वतः कोट-टोपी घालून बसलो. तीन वर्षांची पोर, पण "हलायचं नाय" म्हटल्यावर श्वाससुद्धा विचारून घेत होती. आणि तू, महाडात स्टुडिओ चालवणारा माणूस, म्हणालास, "मामा, पोरांना मोकळं सोडायचं, आपण त्यांच्या उंचीला जायचं." गेलास तो सारवलेल्या अंगणात पालथाच पडलास. आमच्या अंगणात आजवर शुद्धीतला माणूस असा पडलेला नाही. (शेजारची गीताबाई अजून विचारते, भाच्याला फिट येते का.) मग तुझ्या पाठीवर कोंबडी चढली. अक्षदा खुर्चीवरून उडी मारून टाळ्या पिटत धावली, काजळ कानापर्यंत, एकाच पायात चप्पल. तिला धरायला पाठवलेली तुझी मामी दारातच बसली आणि डोक्यावरचा पदर घसरेपर्यंत हसली, "अगो, कोंबडीला बी कळलं, ह्यो काय उठायचा नाय!" शहाणा माणूस आधी कोंबडी हाकलतो. तू बटण दाबत राहिलास.

तीस फोटो पाठवलेस. रंगवलेली भिंत एकातही नाही. दोन तास कोटात घामाघूम झालेल्या माझा फक्त एक पाय आला आहे, तोही खुर्चीच्या पायाशेजारी. हे बघून मुंबईचे लोक म्हणतील, या पोरीला गावी कुणी वाली नाही. मला भयंकर संताप आला आहे. सगळे पुसून टाक आणि रविवारी येऊन खुर्चीवरचा सरळ फोटो काढ.

तुझा (नाइलाजाने),
मालोजीमामा

ता. क. अठरावा फोटो पुसू नकोस. त्यात दारात तुझी मामी आहे. लग्नाच्या फोटोत ती खाली बघते आहे, आधार कार्डावर पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. बेचाळीस वर्षांत तिचे असे हसणे मी रोज पाहिले, पण फोटोत कुठेच नव्हते. तेवढा मोठा करून, चौकटीत घालून आण.

पुन्हा ता. क. अक्षदा मध्ये येत असेल तर कापलीस तरी चालेल. मामीने विचारलेच तर सांग, दार चांगले आले होते म्हणून मोठा केला.